थर्मोवेलच्या दोन्ही बाजूंना

वाचकाचा प्रश्न : केमिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, कोकणातल्या एका विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. तिच्या वडिलांनी आयटीआयमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांट’ हा ट्रेड केला आणि गेली अनेक वर्षे ते एका रासायनिक कारखान्यात नोकरी करत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने महिनाभर इन-प्लांट ट्रेनिंग घेतले. त्यातले बरेच दिवस कंट्रोल रूममध्ये गेले आणि त्यानंतर या सत्रात प्रोसेस कंट्रोलचा विषय सुरू झाल्यावर आपला खरा ओढा इन्स्ट्रुमेंटेशनकडे, म्हणजे कारखान्यातले तापमान, दाब, प्रवाह मोजणाऱ्या आणि ताब्यात ठेवणाऱ्या उपकरणांच्या विषयाकडे आहे, असे तिला वाटू लागले. तिच्यापुढे तीन वाटा आहेत : केमिकलची पदवी संपवून पुन्हा इन्स्ट्रुमेंटेशनची बी.ई. करणे, ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन त्याच विषयात एम.टेक. करणे, किंवा शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये पीएलसी-स्काडाचा (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक आणि ती पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर) कोर्स करणे, ज्याची फी तिच्या कॉलेजच्या वर्षभराच्या फीएवढी आहे. शिक्षक म्हणतात, एका शाखेत नीट रुजा. मामा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, पण ठेवायचाच तर इन्स्ट्रुमेंटेशनवर ठेव, कारण मुलींना एसीत बसून काम करता येते. पत्राच्या शेवटी ती विचारते, “माझी अडीच वर्षे वाया गेली का? आणि दोन्ही शिकायला गेले तर मी धड केमिकलचीही राहणार नाही आणि इन्स्ट्रुमेंटेशनचीही नाही, असे होईल का?”

उत्तर :

तुझे पत्र मी दोनदा वाचले. तीन वाटांबद्दल सांगेनच, पण आधी तुझ्या शेवटच्या वाक्यावर थांबते. केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एक हातात घ्यायची तर दुसरी खाली ठेवावी लागते, हे तू गृहीत धरले आहेस. कॉलेजच्या इमारतीत त्यांचे मजले वेगळे असतात, वेळापत्रके वेगळी असतात, म्हणून असे वाटणे साहजिक आहे. कारखान्यातही त्यांची खाती वेगळी असतात, आणि नोकरीच्या जाहिरातीत शाखेचे नाव लिहिलेले असते. हे कुंपण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण रिअॅक्टरमधल्या मालाला हे कुंपण दिसत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत हे मला एका थर्मोवेलने, म्हणजे तापमानाचा सेन्सर ज्यात बसवतात त्या तळ बंद असलेल्या नळीने शिकवले, ती हकिगत तुला सविस्तर सांगते.

मी तेव्हा एका बॅच प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनियर होते. पाच केएलचा, म्हणजे पाच हजार लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा रिअॅक्टर, त्याच्या बाहेरच्या आवरणाला, म्हणजे जॅकेटला, एकीकडून वाफ आणि दुसरीकडून थंड पाणी, आणि उष्णता बाहेर टाकणारी रिअॅक्शन. तापमान ६५ अंशांवर, दोन अंश इकडे-तिकडे, एवढेच ठेवायचे होते. एका शटडाउननंतर मात्र ते ५९ ते ७१ असे झोके घेऊ लागले. प्रॉडक्शनचे लोक म्हणाले, लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) हंटिंग करतोय, म्हणजे झोके घेतोय, इन्स्ट्रुमेंटवाल्यांना बोलवा. त्यांनी आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, काढून कॅलिब्रेटरमध्ये तपासला, तो अगदी बरोबर होता. मग कंट्रोलरचे ट्यूनिंग, म्हणजे तो किती जोरात प्रतिसाद देतो ते ठरवणारे आकडे, बदलले, दोन आठवड्यांत तीनदा. झोके थोडे लहान झाले, पण तापमान जागेवर यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागू लागला. आता इन्स्ट्रुमेंटवाले म्हणू लागले की तुमची रिअॅक्शनच बदलली आहे, आणि आम्ही प्रोसेसवाले कच्च्या मालाचे लॉट तपासत बसलो.

शेवटी एका वयस्कर इन्स्ट्रुमेंट फिटरने आरटीडी पुन्हा बाहेर काढला, थर्मोवेलमध्ये एक तार सोडली, ती तळाला टेकल्यावर बोटाने खूण धरली आणि बाहेर काढून आरटीडीशेजारी लावून पाहिली. तार आरटीडीपेक्षा जवळजवळ चार इंच जास्त लांब होती. शटडाउनमध्ये जुना आरटीडी खराब झाला म्हणून स्टोअरमधला दुसरा बसवला होता, आणि तो आखूड होता. त्याचे टोक तळाला टेकतच नव्हते, मधे हवेचा थर होता. म्हणजे आरटीडी खोटे बोलत नव्हता, पण उशिरा बोलत होता. माल तापायला लागल्यावर बऱ्याच उशिराने कंट्रोलरला ते कळायचे. तोवर उष्णता साठलेली असायची, मग तो थंड पाणी भसाभस सोडायचा, आणि माल गार झाल्याचेही त्याला उशिराच कळायचे. योग्य लांबीचा, स्प्रिंगने तळाला दाबून बसणारा आरटीडी आला, ट्यूनिंगचे जुने आकडे परत टाकले, आणि त्याच पाळीत तापमान एका अंशाच्या आत आले.

यात कोणाचे ज्ञान कमी पडले? सेन्सर तपासणाऱ्याचे नाही आणि रिअॅक्शन जाणणाऱ्याचेही नाही. थर्मोवेलच्या आतली बाजू एका खात्याची होती, बाहेरची दुसऱ्या खात्याची, आणि त्या चार इंचांच्या हवेचा वाली कोणी नव्हता. त्या हवेमुळे किती विलंब होईल हे हीट ट्रान्स्फरचे गणित आहे, जे तू दुसऱ्या वर्षात शिकलीस. त्या विलंबाने लूप झोके का घेतो हे प्रोसेस कंट्रोलचे गणित आहे, जे तू आत्ता शिकते आहेस. आणि स्टोअरमधला आरटीडी किती लांब आहे हे बघायची सवय तुझ्या वडिलांच्या हाताला आहे. तुझी अडीच वर्षे वाया गेली का, या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे.

ही गोष्ट सुदैवाने काही बॅचेस बिघडण्यावर निभावली. नेहमी तसे होत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या बीपी रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ माणसे गेली आणि सुमारे १८० जखमी झाली. त्याची कारणे अनेक होती : थकलेली माणसे, न पाळलेल्या कार्यपद्धती, न वाजलेला अलार्म, आणि बाष्प उघड्यावर सोडणारी जुनी व्यवस्था. पण त्यातला एक धागा तुझ्या प्रश्नाचा आहे, म्हणून तो नीट समजून घे. सुमारे १७० फूट उंचीच्या डिस्टिलेशनच्या मनोऱ्यात तळाची लेव्हल मोजायला डिस्प्लेसर होता, म्हणजे द्रवात लटकणारा एक दांडा, जो द्रवाच्या उत्प्लावक बलावरून उंची सांगतो. तो मनोऱ्याच्या तळाचे काही फूटच मोजू शकत होता. प्लांट सुरू करताना मनोरा भरत गेला आणि दांडा पूर्ण बुडाला. पूर्ण बुडालेल्या दांड्यावरचे बल उंचीवर अवलंबून राहत नाही, ते फक्त द्रवाच्या घनतेवर अवलंबून राहते. खाली बर्नर पेटलेले होते, द्रव तापत होता, त्याची घनता उतरत होती, आणि म्हणून पडद्यावरची ‘लेव्हल’ हळूहळू कमी होताना दिसत होती. त्यातच कॅलिब्रेशन त्या द्रवाच्या घनतेशी न जुळणाऱ्या जुन्या माहितीवर केलेले होते. मनोऱ्यात द्रव दीडशे फुटांच्या वर गेला होता, तेव्हा कंट्रोल रूममधला आकडा दहा फुटांच्या आतला होता आणि खाली चालला होता.

दांडा बुडाल्यावर काय होते हे इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्याला माहीत असते. तापल्यावर त्या द्रवाची घनता किती उतरते हे केमिकलच्या विद्यार्थ्याला माहीत असते. इतका माल आत घेतला आणि बाहेर काहीच सोडले नाही, तर लेव्हल कमी कशी होईल, हा मटेरियल बॅलन्सचा प्रश्न तर पहिल्या सत्रातला आहे. हे सगळे एकाच डोक्यात एकाच वेळी असणे, त्यालाच मी दोन्ही विषय येणे म्हणते. दोन पदव्या भिंतीवर असल्या म्हणून ते होतेच असे नाही.

आता पहिली वाट : इन्स्ट्रुमेंटेशनची दुसरी बी.ई. माझा सल्ला स्पष्ट आहे, हे करू नकोस. ‘गेट’च्या इन्स्ट्रुमेंटेशन पेपरचा अभ्यासक्रम एकदा उघडून बघ. इलेक्ट्रिकल सर्किट्स आणि मशीन्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, अॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मेजरमेंट्स, ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंटेशन हे त्यातले मोठे भाग आहेत, आणि तुला ज्याची ओढ लागली आहे ते कंट्रोल आणि औद्योगिक इन्स्ट्रुमेंटेशन हे त्याच्या शेजारी बसलेले दोन भाग आहेत. आता केमिकलच्या पेपरचा अभ्यासक्रम उघड. त्यात ‘इन्स्ट्रुमेंटेशन अँड प्रोसेस कंट्रोल’ असा स्वतंत्र विभागच आहे : सेन्सर, ट्रान्स्फर फंक्शन, पीआयडी, कंट्रोल व्हॉल्व्ह, स्थैर्य, कॅस्केड, फीडफॉरवर्ड. म्हणजे जे दार तू बाहेरून शोधते आहेस, ते तुझ्या घरातच आहे, फक्त आपल्याकडे तो विषय बहुतेक कॉलेजांत एका सत्रात, लाप्लासच्या गणितांतच संपवला जातो.

याला एक अपवाद आहे. ट्रेनिंगच्या महिन्यात तुला नेमके काय आवडले, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचार. पडद्यावरचा ट्रेंड पाहून ‘आत काय चालले असेल’ असा प्रश्न पडत होता, की ट्रान्समीटरचे (मोजलेला आकडा कंट्रोल रूमला पाठवणाऱ्या उपकरणाचे) झाकण उघडून ‘हे कसे चालते’ असे कुतूहल वाटत होते? पहिला प्रश्न पडत असेल तर तू केमिकल इंजिनियरच आहेस आणि प्रोसेस कंट्रोल हे तुझे घर आहे. दुसरा पडत असेल, सर्किट जुळवताना जेवायचे भान राहत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक्सकडे जाण्यात काही गैर नाही, मात्र त्याला तसे नाव देऊन जा. आणि तिसरीही एक शक्यता असते, जिच्याबद्दल विद्यार्थी बोलत नाहीत : मास ट्रान्स्फर जड गेले, एटीकेटी लागली, म्हणून दुसरा विषय गोड वाटतो. तुझ्या पत्रात तसे कुठे दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या आणखी कोणाचे तसे असेल, तर त्याने आधी मास ट्रान्स्फर सोडवावे. डिस्टिलेशनचा कॉलम ज्याला कळत नाही, त्याला त्याचा कंट्रोल कधीच कळणार नाही.

कुंपणाबद्दल मी वर म्हटले, तेही सांगते. सरकारी तेल आणि खत कंपन्या ‘इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर’ या पदासाठी जाहिरात काढतात, तेव्हा पात्रतेत ठरावीक शाखा लिहिलेल्या असतात आणि तिथे केमिकलची पदवी बहुधा चालत नाही. अगदी त्याच पदावर तुझे मन असेल, तर हा तोटा आजच मान्य करून टाक. पण त्याच कंपन्यांत केमिकलसाठी प्रोसेस आणि ऑपरेशनची पदे असतात, आणि लूप कसा वागावा हे ठरवण्याचे काम बऱ्याच अंशी तिथूनच सुरू होते.

दुसरी वाट, एम.टेक. ही मला तुझ्यासाठी जास्त खरी वाटते, मात्र नाव नीट निवड. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम आहे, त्यात वेगवेगळ्या इंजिनियरिंग शाखांचे पदवीधर घेतले जातात, आणि तिथले काम गणिताच्या अंगाने खोल जाते. दुसरा मार्ग म्हणजे केमिकलमध्येच एम.टेक. करणे आणि प्रबंध प्रोसेस कंट्रोलवर, मॉडेलिंगवर किंवा ऑप्टिमायझेशनवर घेणे. या क्षेत्राला प्रोसेस सिस्टिम्स इंजिनियरिंग म्हणतात आणि त्याची मुळे केमिकलमध्येच आहेत. आज रिफायनऱ्यांत सर्रास वापरले जाणारे मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे पुढे काय होईल याचा मॉडेलवरून अंदाज बांधून आधीच चाल करणारी पद्धत घे. त्याची एक मोठी शाखा, डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल, १९७० च्या दशकात शेल कंपनीत चार्ल्स कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्लांटवर घडवली. अनेक तापमाने, दाब आणि प्रवाह एकमेकांत गुंतलेले असताना एकाला हात लावला की दुसरे किती हलते, हे ज्यांना रोज दिसत होते, त्यांच्या हातून ते आले. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे गेल्या काही वर्षांतले प्रबंध कोणते आहेत ते बघ, आणि त्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोल.

पण एम.टेक. दीड वर्ष दूर आहे. तोवर हातात असलेल्या गोष्टी कर.

तुझ्या विद्यापीठात ‘मायनर’ची सोय आहे का, ते आधी शोध. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या आदर्श अभ्यासक्रमाप्रमाणे साधारण १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेचे मायनर पदवीबरोबर मिळवता येते, पण प्रत्येक विद्यापीठाचा नियम आणि नोंदणीचे सत्र वेगळे असते, आणि तिसऱ्या वर्षात ते दार बंद झालेले असू शकते. एकाच आवारात दोन्ही विभाग असणारी कॉलेजे आपल्याकडे आहेत, नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंगजी हे त्यांतले एक. असे कॉलेज असलेल्यांनी मायनर मिळो न मिळो, दुसऱ्या विभागाच्या लॅबचे दार ठोठवावे. तुझ्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन नसेल, तर इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांकडून मोजमापाचा एक विषय आणि सिग्नल्सचा एक विषय ऐकून घे. गुण मिळाले नाहीत तरी चालेल.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हा खरा मोका आहे आणि तो मुले बहुधा वाया घालवतात. चौघांनी मिळून कागदावर अमुक टन क्षमतेचा प्लांट डिझाइन करायचा, जुन्या वहीतले आकडे बदलायचे आणि हिरव्या-निळ्या बाइंडिंगमध्ये जमा करायचे, असे होते. तू तसे करू नकोस. एक लहानसा खरा लूप उभा कर. एक तापणारा रेझिस्टर, एक तापमान सेन्सर, एक अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), आणि हीटरला किती टक्के वीज द्यायची हे ठरवणारा तुझा प्रोग्रॅम, एवढ्यात प्रोसेस कंट्रोलचा अर्धा विषय डोळ्यांसमोर येतो. हीटर एकदम २० वरून ४० टक्के कर आणि तापमान दर सेकंदाला लिहून ठेव. आधी काही काळ काहीच होत नाही, तो डेड टाइम. मग वक्र चढतो आणि आडवा होतो, त्यावरून गेन (हीटरच्या एका टक्क्याला तापमान किती चढले) आणि टाइम कॉन्स्टंट (किती वेगाने चढले) काढ. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेले नियम वापरून पीआयडीचे, म्हणजे कंट्रोलरच्या ट्यूनिंगचे, आकडे बसव आणि लूप किती झोके घेतो ते बघ, मग ते आकडे मवाळ कर. त्यानंतर सेन्सरभोवती कापसाचा थर गुंडाळ आणि तेच प्रयोग पुन्हा कर. माझा आखूड आरटीडी तुला तुझ्या टेबलावर भेटेल.

ज्यांना एवढीही सामग्री जमत नसेल, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. सायलॅब आणि डीडब्ल्यूसिम ही मोफत सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम तिथून होते, आणि तिथलेच केमिकल इंजिनियरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ हे याच जातीचे छोटे उपकरण कंट्रोल शिकवण्यासाठी तयार झाले. एका केमिकलच्या प्राध्यापकाला हे उपकरण करावेसे वाटले, हेही लक्षात घे.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या बाजूचे मात्र काही हातचे असायलाच हवे, नाहीतर ‘मला मॉडेल येते’ एवढ्यावर प्लांटमध्ये कोणी विचारत नाही. एकच उदाहरण देते. ऑरिफिस प्लेटवर, म्हणजे पाइपमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीवर, फ्लो मोजताना दाबातला फरक फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फ्लो निम्मा झाला की फरक पाव होतो, म्हणून ४ ते २० मिलीअॅम्पियरच्या साध्या ट्रान्समीटरवर १२ नाही, ८ मिलीअॅम्पियर दिसतात. म्हणून कुठेतरी वर्गमूळ काढावे लागते, ट्रान्समीटरमध्ये किंवा डीसीएसमध्ये, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणक यंत्रणेत. कमिशनिंगच्या, म्हणजे नवा प्लांट पहिल्यांदा चालू करण्याच्या, घाईत ते दोन्हीकडे चालू राहिले, तर निम्म्या फ्लोला पडदा ७१ टक्के दाखवतो, आणि पूर्ण फ्लोला बरोबर शंभर दाखवतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. पुढे मटेरियल बॅलन्स जुळत नाही, आणि प्रोसेसवाले गळती शोधत हिंडतात. हे तुला पाठ नको, पेन घेऊन स्वतः करून बघायला हवे.

कंट्रोल व्हॉल्व्हचेही तसेच आहे. त्याचा आकार इन्स्ट्रुमेंट इंजिनियर काढतो, पण कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त फ्लो, दाब, तापमान, घनता, हे आकडे प्रोसेस इंजिनियरने भरून दिलेले असतात. प्रोसेसवाला ‘असू दे’ म्हणून थोडे वाढवतो, पंपवाला थोडे वाढवतो, व्हॉल्व्हवाला वरचा साइज घेतो. मग प्लांट चालू झाल्यावर तो व्हॉल्व्ह जन्मभर दहा-पंधरा टक्क्यांवर थरथरत उभा राहतो आणि सगळे ट्यूनिंगला दोष देतात. ज्या प्रोसेस इंजिनियरला आपण भरलेल्या आकड्याचे पुढे काय होते हे ठाऊक आहे, त्याची किंमत कुठल्याही डिझाइन ऑफिसात असते.

तिसरी वाट, क्लास. पीएलसी-स्काडा शिकणे चांगलेच आहे. आपल्याकडच्या अनेक बॅच प्लांटमध्ये तेच चालते, आणि लॅडर लॉजिक, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, वाचता आले तर इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र थांबवणारी अट) का लागला हे तुला दुसऱ्याला विचारावे लागत नाही. पण ती भाषा आहे, आणि काय बोलायचे हे क्लास शिकवत नाही. ‘जॉब गॅरंटी’वर एवढे पैसे टाकू नकोस. जायचेच ठरले तर आधी एक दिवस बसून बघ : तिथे खरा व्हॉल्व्ह, खरा ट्रान्समीटर, हवेची लाइन आहे का, की फक्त पडद्यावर दिवे लागतात? दिवेच लागत असतील, तर तेवढे घरी लॅपटॉपवर होते.

मामांच्या एसीबद्दल दोनच वाक्ये. जो ट्रान्समीटर मनोऱ्यावर चौथ्या प्लॅटफॉर्मवर आहे, तो तिथे जाऊन न पाहता त्याचा आकडा वाचणारा माणूस टेक्सास सिटीच्या कंट्रोल रूममधल्या माणसांइतकाच अंधारात असतो. तुला हे क्षेत्र हवे असेल तर हेल्मेट, बूट आणि शिडी हे त्याचा भाग म्हणून घे, मुलगी असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि हे मामांना प्रेमाने सांग.

पहिल्या नोकरीबद्दल माझे मत असे आहे की पगाराच्या थोड्या फरकापेक्षा कमिशनिंग बघ. नवा प्लांट उभा राहताना लूप चेकिंग होते : एक जण फील्डवर ट्रान्समीटरपाशी सिग्नल देतो, दुसरा कंट्रोल रूममध्ये वॉकी-टॉकीवर ‘बारा आले, पुढचा द्या’ म्हणत असतो. अशा शेकडो लूपच्या मागे सहा महिने फिरलीस, तर पी अँड आयडीवरचे, म्हणजे प्लांटच्या पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावरचे, प्रत्येक वर्तुळ तुला चेहऱ्याने ओळखता येईल. तिथून पुढे अॅडव्हान्स्ड कंट्रोल, ऑपरेटर ट्रेनिंग सिम्युलेटर, सेफ्टी इन्स्ट्रुमेंटेड सिस्टिम, किंवा औषध कंपन्यांतले प्रक्रियेदरम्यानचे विश्लेषण, यांतल्या कुठेही जाता येते. पाताळगंगा असो, महाड असो की लोटे-परशुराम, बॅच प्लांटमध्ये रिअॅक्शन आणि लूप दोन्ही समजणारा माणूस सहज मिळत नाही, हे मी तिथे काम करणाऱ्यांकडून सतत ऐकते.

शेवटी तुझ्या वडिलांबद्दल. संपूर्ण पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे, आणि त्यांचे मत काय, हे तू लिहिलेले नाहीस. मला शंका येते की तू त्यांना विचारलेलेच नाहीस, कदाचित ‘बाबा फक्त आयटीआय’ असे कुठेतरी मनात असेल म्हणून. माझा थर्मोवेलचा गुंता ज्यांनी तारेच्या तुकड्याने सोडवला, तेही आयटीआयच होते, आणि त्यानंतर वर्षभर मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसत असे. पुढच्या रविवारी बाबांच्या समोर एक कोरी वही ठेव आणि एवढेच विचार : तुम्हाला आजवर सगळ्यात जास्त छळलेला लूप कोणता? ते सांगतील तसा त्याचा स्केच काढ, व्हॉल्व्ह कुठे, ट्रान्समीटर कुठे, पाइप कुठून कुठे गेला. मग त्या पाइपमध्ये कोणता माल होता, किती गरम, किती घट्ट, हे विचार. ते म्हणतील, ते आम्हाला कुठे माहीत, ते प्रोसेसवाल्यांना विचार. तिथून पुढचे पान तू लिही.